वारेची वाटणी

देवगव्हाणच्या द्राक्षबागांत विरळणीचे दिवस आले की बायकांच्या हातात बारीक कात्र्या येतात आणि पुरुषांच्या तोंडी उपदेश. मण्यांनी गच्च भरलेल्या घडातले निम्मेअधिक मणी त्या कात्रीने पाडायचे, म्हणजे उरलेले फुगतात आणि परदेशी जाण्याजोगे होतात. पाडलेल्या मण्यांचा हिरवा सडा वेलींखाली पडतो आणि त्यावरून सगळे खुशाल चालत जातात. प्रांजल लग्न होऊन या घरात आली तेव्हा त्या सड्यावर पाय ठेवायला तिला जड गेलं होतं. तिच्या सासूबाई, अलकाबाई, तेव्हा हसल्या होत्या. "माहेरी नुसता कांदाच बघितलास, म्हणून. व्हईल सवय."

सवय झालीही. पुढे बागेत फवारणीला यंत्रं फिरू लागली, पाणी कधी सोडायचं ते आकाशातला उपग्रह सांगू लागला. विरळणी मात्र अजून बायकांच्याच हाती राहिली होती. कुठला मणी ठेवायचा आणि कुठला पाडायचा, हे यंत्रांना काही केल्या जमत नव्हतं. माणसांना ते जमतं असं समजून सगळं चाललं होतं.

यंदा ऐन विरळणीत प्रांजल बागेत नव्हती. पाचवा महिना चालू होता, पोटात जुळं होतं, आणि ती नाशिकच्या एका रुग्णालयात सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत आडवी पडली होती. शेजारी तिचा नवरा यशराज उभा होता. डॉ. रेवती सबनीस पडद्यावर बोट ठेवून सांगत होत्या. बाई बोलायला मोकळ्या होत्या, पण आज एकेक शब्द निवडून काढत होत्या.

"वार कुणाची असते, सांगा बघू?"

"माझीच की," प्रांजल म्हणाली.

"सगळ्यांना तसंच वाटतं. वार बाळाची असते. ज्या पेशीपासून बाळ होतं, तिच्यापासूनच वारही होते. बाळ आधी आपलं स्वयंपाकघर बांधतं आणि मग वाढायला लागतं."

त्यांनी चित्र मोठं केलं. वार आईच्या गर्भाशयात मुळं रोवते, आईच्या रक्तातून प्राणवायू, साखर, लोह वेचून घेते, बाळाची घाण परत पाठवते. दोघांची रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत, मधे पातळ पडदा असतो. पण वार नुसती गाळणी नव्हे. ती आईच्या शरीराला रसायनांचे निरोप धाडते, की साखर थोडी जास्त राहू दे, रक्त थोडं जास्त सोड. आईचं शरीरही काही भोळं नसतं, ते हात राखूनच देतं. या देण्याघेण्यात वार जेवढी पसरेल, तेवढं बाळ वाढतं. जन्मानंतर माणसाच्या हृदयाचं, मूत्रपिंडाचं काय होणार, यातलंही बरंचसं तिथंच ठरून गेलेलं असतं.

"तुमच्या दोन बाळांत वार एकच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एका पेशीची दोन बाळं झाली, पण वार दोघांत एकच राहिली. उजवीकडच्या मोठ्या बाळाची नाळ वारेच्या मधोमध रुजली आहे. डावीकडच्या धाकट्याची अगदी कडेला. त्याच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा आलाय. एवढ्यावर ते खरं तर जगूच शकत नाही."

"मग?" यशराजने विचारलं.

डॉक्टरांनी दोन नाळांच्या मधली एक जाड रेघ दाखवली. ती रेघ धडधडत होती. "ही रक्तवाहिनी दोघांना जोडते. मोठ्याचं हृदय स्वतःचं रक्त हिच्यातून धाकट्याकडे ढकलतंय. मोठं धाकट्याला पोसतंय म्हणा ना."

प्रांजलला आधी नुसता आनंद झाला. पोटातल्या पोटात एक लेकरू दुसऱ्याला सांभाळतं आहे, यापरतं सुख कुठलं. मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. हे किती दिवस चालेल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. धाकटं अचानक गेलं, तर मोठ्याचं रक्त त्या वाटेने त्याच्याकडे वाहून जाईल आणि मोठंही जाईल. मोठ्याला हा भार पेलला नाही, तर ते आधी थकेल.

पूर्वी अशा वेळी ती रक्तवाहिनी लेझरने जाळून टाकत. मोठं बहुधा वाचे, धाकटं बहुधा जाई. आता नवी सोय निघाली होती. केसाएवढ्या दुर्बिणीतून त्या वाहिनीवर तांदळाच्या कणीएवढा चिमटा बसवायचा आणि पोटावर बांधलेल्या पट्ट्यातल्या चुंबकांनी तो बाहेरून आवळायचा किंवा सैल करायचा. हळूहळू आवळत नेलं तर धाकट्याच्या वाट्याची वार आपली मुळं स्वतः पसरते, असं काही वेळा दिसलं होतं. काही वेळा दिसलं नव्हतं. किती आवळावं आणि कधी, हे शास्त्राला ठाऊक नव्हतं, आणि जे शास्त्राला ठाऊक नव्हतं ते कायद्याने आईवर सोपवलं होतं. पट्ट्याच्या मधोमध एक गोल चकती होती. तिच्यावर आईने स्वतःचा तळवा टेकल्याशिवाय चिमटा हलत नसे.

या शोधाचं फार कौतुक झालं होतं. परतीची वाट असलेला निर्णय, असं वर्तमानपत्रांनी छापलं होतं. परतीची वाट असली की निर्णय एकदा घेऊन माणूस सुटत नाही, रोज उठून नव्याने घ्यावा लागतो, हे छापायचं कुणाला सुचलं नव्हतं.

परतताना गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे यशराजला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. शेवटी त्याने ते मांडीखाली घातले.

"चिमटा बसवून घेऊ," तो म्हणाला. "आणि आवळून टाकू. एक तरी नीट जगेल."

"विरळणी करायची म्हणतोस?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस."

ओझर मागे पडलं. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "प्रांजल, आमच्या घरात हे एकदा होऊन गेलंय. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. सगळ्या देवगव्हाणला माहीत होतं. यशराजचे वडील केशवराव आणि धाकटा भाऊ सुदाम. सुदामचा एक पाय लहानपणी पोलिओने गेलेला. केशवराव सकाळी स्वतःची बाग करत आणि दुपारी भावाची. भावाने नको म्हटलं तरी करत. आणि एक दिवस भावाच्याच बागेत, पाठीवर पंप असताना, ते पडले ते उठलेच नाहीत. हृदय फुगलं होतं, असं नंतर कळलं. यशराजचं कॉलेज तिथंच सुटलं. त्याने चुलत्याला एका शब्दाने दोष दिला नाही, फक्त वाटणी करून घेतली, मधे तारेचं कुंपण घातलं आणि बोलणं टाकलं. सुदामकाका आता एकटेच पलीकडे राहत. बाग कसायला दिलेली होती. संध्याकाळी कुंपणापाशी खुर्ची टाकून ते इकडच्या घराकडे तोंड करून बसत.

"ज्याच्यात ताकद असते तोच आधी मरतो," यशराज म्हणाला. "दुसऱ्याला ओढता ओढता. मला ते परत बघायचं नाही."

प्रांजलला त्याची कीव आली आणि रागही आला.

चिमटा बसला. पट्टा आला. प्रांजलने तो बांधला आणि चकतीला हात लावला नाही. एकेक दिवस तसाच जाऊ लागला. उजवीकडच्या लाथा दणदणीत असत, डावीकडे नुसती चाळवाचाळव होई, कुणी कूस बदलावी तशी. तिला दोघांच्या वेळा कळू लागल्या. मोठं जेवणानंतर जागं व्हायचं. ते हललं की थोड्या वेळाने धाकटं हलायचं. हा आपल्या मनाचा खेळ आहे हे तिला कळत होतं, तरी ती रोज वाट बघायची.

अलकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं. त्यांनी सल्ला दिला नाही. फक्त ताटात सगळं दोनदा वाढू लागल्या. दोन भाकरी, दोन वाट्या दूध, दोन लाडू. "आई, मी एकटीच आहे खाणारी," असं प्रांजल म्हणाली तर त्या म्हणायच्या, "तू गप खा. कुणाला किती पोचवायचं ते पोचवणारा बघंल."

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, गाणी, सगळं रीतसर. शेवटी चौरंगावर दोन वाट्या झाकून ठेवल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा बायकांचा लाडका खेळ. "उचल गं एक," सगळ्या ओरडल्या. प्रांजलचा हात पुढे गेला आणि तिथंच थांबला. एक उचलायची म्हणजे दुसरी ठेवायची. मग तिने दोन्ही हातांनी दोन्ही वाट्या एकदम उचलल्या. बायका खो खो हसल्या, लबाड आहे म्हणाल्या. एकट्या अलकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन तिच्या डोळ्यांना पदर लावला आणि काजळ पसरलं होतं असं सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या तपासणीला डॉ. सबनीस पडद्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या.

"मोठ्याच्या हृदयाची भिंत जाड झाली आहे," त्या म्हणाल्या. "दोघांसाठी काम करतंय ते. व्यायामाने दंड भरतो तसं झालंय, पण हृदयाला ते सोसत नाही. थोडं आवळून बघा. एकदम नको."

असंच वाक्य यशराजने वडिलांच्या वेळी एकदा ऐकलेलं होतं. तेव्हा ऐकून उपयोग नव्हता, आता होता. त्याने बायकोकडे अशा काही नजरेने बघितलं की तिने तिथंच, त्या खोलीत, तळवा चकतीवर टेकला. पट्ट्यात बारीकसं काही फिरलं.

दोन दिवस बरे गेले. मोठ्याचे ठोके निवळले. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रांजल ओट्यापाशी भाजी निवडत होती, तेव्हा तिच्या लक्षात आलं की डावीकडे सकाळपासून काहीच हललेलं नाही. तिने साखरपाणी घेतलं. कुशीवर झोपून बघितलं. फोनवर दिसणाऱ्या पट्ट्याच्या आकृतीत धाकट्याच्या नाळेतली रेघ खाली खाली चालली होती. डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "धाकट्याची वार अजून पसरलेली नाही. आवळलेलं ठेवलंत तर मोठ्याला आराम आहे, सोडलंत तर धाकट्याला. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, प्रांजल. मलाही माहीत नाही."

यशराज दारात उभा होता. सगळं ऐकत होता. "राहू दे," तो हळू आवाजात म्हणाला. "राहू दे आता तसंच. डोळे मीट आणि राहू दे."

तिने डोळे मिटले. तिला वाटलं, खरंच जमेल. आपण काहीच करायचं नाही, फक्त हात बाजूला ठेवायचा, बस्स. पण हात बाजूला ठेवणं हेही हातानेच करायचं होतं. डावीकडची ती शांतता तिला सहन होईना. तिने तळवा टेकला आणि चिमटा पूर्ण सैल केला. थोड्या वेळाने डावीकडे काहीतरी अगदी हलकंसं सरकलं. ती रडायला लागली.

"हात तुझा आहे," यशराज म्हणाला आणि बागेत निघून गेला.

त्यानंतर त्याने पट्ट्याचा विषय काढला नाही. तिला औषधं आणून द्यायचा, पाय चेपून द्यायचा, दवाखान्यात न्यायचा. काही कमी केलं नाही त्याने. फक्त पोटावर हात ठेवायचं सोडलं.

थोरलं गेलं ते भर सकाळी. तोडणी चालू होती, अंगणात द्राक्षांच्या पेट्या भरल्या जात होत्या, बायकांचा कलकलाट चालला होता. प्रांजल चहा गाळत होती. पट्टा आपला आपण आवळला. एखाद्या बाळाचं हृदय थांबलं तर यंत्र आईच्या हाताची वाट बघत नसे, वाचलेल्याचं रक्त वाहून जाऊ नये म्हणून चिमटा तत्काळ बंद करी. हे तिला सांगितलेलं होतं. चहाचं पातेलं तिने नीट खाली ठेवलं. धाकटं गेलं असेल असं समजून तिने डावीकडे हात नेला. तिथं हलत होतं. मग तिने हात उजवीकडे नेला.

रुग्णालयात डॉक्टरांनी तिला फार वेळ रडू दिलं नाही. वेळ नव्हता.

"थोरल्या बाळाचा वारेतला हिस्सा अजून जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "काही तासांत तो मरेल. त्याआधी थोरल्याची नाळ बंद करून चिमटा पुन्हा उघडला, तर तो हिस्सा धाकट्याला जोडता येतो. धाकट्याला वाढायला एवढी वार पुरेल. पण तळवा तुम्हालाच टेकवावा लागेल."

"तिचं घेऊन याला द्यायचं?" प्रांजल म्हणाली. पोटातली बाळं मुलं की मुली हे कुणालाच माहीत नव्हतं, पण तिच्या तोंडून तसं निघून गेलं.

"हो."

तिने यशराजकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. एक वाक्य तो गिळून बसला होता. ते कोणतं हे तिला ठाऊक होतं, आणि ते तो कधीही बोलणार नाही हेही तिला ठाऊक होतं. बोलला असता तर बरं झालं असतं. तिने तळवा टेकला.

त्यानंतरचे काही आठवडे धाकटं झपाट्याने वाढलं. आजवर सांदीकोपऱ्यात मिटून बसलेलं लेकरू हातपाय पसरू लागलं. प्रत्येक तपासणीला वजन वाढलेलं निघे, परिचारिका अभिनंदन करत, आणि प्रांजलला ते अभिनंदन घेताना मेल्याहून मेल्यासारखं होई.

दोघीही मुली होत्या. धाकटी जन्मल्याबरोबर रडली. थोरलीला पांढऱ्या कापडात गुंडाळून यशराजने घेतलं. मोठ्या माणसांसारखं लहान लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. त्याने तिला बागेच्या बांधाला, कडुनिंबाखाली ठेवलं. एकटाच गेला होता. आला तेव्हा नखांत माती होती. ती त्याने कितीतरी दिवस काढली नाही.

धाकटीला त्याने हातात घेतलं नाही. सुरुवातीला तिच्या नाजुकपणाचं निमित्त होतं, मग तोडणीचं, मग निमित्तही उरलं नाही. पाळण्याशी येऊन उभा राहायचा, बघायचा, निघून जायचा. प्रांजलच्या मनात एकच भीती घर करून होती. ही पोर या घरात, बापाच्या डोळ्यांसमोर, दुसरीच्या जागेवर बसल्यासारखी वाढणार. कुंपणापलीकडच्या खुर्चीवर एक माणूस तसाच बसलेला तिने रोज बघितला होता. आपण हिचा जीव वाचवला आणि हिला तशीच एक खुर्ची देऊन ठेवली, असं तिला वाटे.

वार रुग्णालयाने अभ्यासासाठी ठेवून घेतली होती. ती परत हवी म्हणून अलकाबाईंनी आधीच बजावलं होतं. या घराची रीत होती. लेकराची वार न्हाणीच्या मागे, घराच्या ओलाव्यात पुरायची, म्हणजे लेकरू घराला धरून राहतं. उन्हाळा तापायला लागला तेव्हा एक झाकणाचा डबा आला. प्रांजलला डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं की वारेत रंग सोडले आहेत. थोरलीच्या नाळेतून निळा, धाकटीच्या नाळेतून पिवळा. कुणाचा हिस्सा कुठवर होता ते त्याने कळतं. प्रांजलने डबा उघडला नव्हता.

अलकाबाई डब्यासमोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "यशा, आता हे कसं करायचं? जित्याची वार मेलेल्यापाशी पुरत नसत्यात. आन मेलेल्याचं घराशी आणत नसत्यात. ही तर दोघींची."

"मग?"

"मंग दोन कर. जिचं तिला."

यशराज उठला. त्याने विरळणीची कात्री आणली, नळाखाली धुतली, पुसली. वाटणी करायची तर ती नीट व्हावी, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. प्रांजल लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला उठून जायचं होतं, पण उठली नाही.

त्याने झाकण काढलं. भाकरीएवढी वार होती. मधला भाग निळा, एका कडेला पिवळा. त्याने कात्री हातात धरली आणि दोन रंगांच्या मधली रेघ शोधू लागला. रेघ नव्हती. निळ्यातून फांद्या पिवळ्यात गेल्या होत्या, पिवळ्यातून निळ्यात, आणि मधे सगळं हिरवं झालं होतं. वेलीच्या पानामागच्या शिरा असतात तसं बारीक जाळं, एकात एक गुंतलेलं. आणि त्या सगळ्याच्या वरून, निळ्या नाळेच्या मुळापासून पिवळ्या नाळेच्या मुळापर्यंत, एक जाड वाहिनी गेली होती. मधे एक तांदळाची कणी चमकत होती.

त्याने त्या वाहिनीवरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा.

"हीच का ती?"

"हो."

"एवढी जाड?"

"ती रोज देत होती ना," प्रांजल म्हणाली.

कात्री त्याच्या हातात तशीच राहिली. "मी म्हटलं तसं केलं असतंस, तर ती असती," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी ते वाक्य एकदाचं बाहेर आलं.

"हो. ती असती. आणि ही नसती." प्रांजल म्हणाली. "मी चुकले का, मला माहीत नाही, यश. रोज सकाळी वाटतं, चुकले. मग ही जागी होते आणि वाटतं, नाही. मला दोघी हव्या होत्या. एवढंच होतं माझ्याजवळ, दुसरं काही नव्हतं."

यशराजने कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता, बांधावर खड्डा खणतानाही रडला नव्हता. आता तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. अलकाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याही रडल्या.

"कापायला जागाच नाही, आई," तो शेवटी म्हणाला. "सगळीच तिच्यापाशी नेऊ. कडुनिंबाखाली."

"अरे, पण जित्या लेकराला..." अलकाबाई घाबरल्या. "तिची सावली पडंल हिच्यावर."

"आई, हिला तिनेच जगवलंय," प्रांजल म्हणाली. "तिची कसली भीती?"

अलकाबाईंनी डब्याचं झाकण लावलं, डबा पदराखाली घेतला आणि पुढे चालू लागल्या.

उन्हं उतरली होती. बाग रिकामी होती, तोडणी झालेल्या वेली नुसत्या पानांनी उभ्या होत्या. यशराजने कुदळ घेतली. बांधाच्या वाटेवर तारेचं कुंपण लागतं. पलीकडे सुदामकाका रोजच्यासारखे खुर्ची टाकून बसले होते. ही सगळी मिरवणूक बघून ते काठी धरून उठायला लागले. उठून आत जावं म्हणजे यांना मोकळेपणा मिळेल, असा त्यांचा विचार असावा. तशी त्यांना सवय होती.

यशराज थांबला.

"काका," तो म्हणाला.

म्हातारा जागच्या जागी थिजला. कितीतरी वर्षांत या आवाजाने त्यांना हाक मारली नव्हती.

"या इकडे. फाटकातून या. मी थांबतो."

ते आले. त्यांना यायला वेळ लागला आणि सगळे थांबून राहिले. कडुनिंबाखाली यशराजने खणलं, अलकाबाईंनी वार ठेवली, वर हळदकुंकू टाकलं. सुदामकाकांनी कुणी न सांगता गुडघा टेकवला आणि हाताने माती लोटली.

"तुझ्या बापाला मी लई येळा म्हटलं होतं, माझी बाग विकून टाक," ते मातीकडे बघत म्हणाले. "तो हसायचा नुसता. मी रोज म्हणतो देवाला, माझा पाय नेला तसं मलाच न्यायचं होतं. पण मंग भाकरी समोर येती आन मी खातो, यशराज. काय करू? भूक लागती."

यशराज प्रांजलपाशी गेला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. तिला आधी कळलंच नाही. मग तिने लेक त्याच्या हातात दिली. त्याने पहिल्यांदाच तिला घेतलं, अवघडून, मातीच्या हातांनी. पोरीने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं आणि परत मिटले. तो तिला घेऊन चुलत्यासमोर खाली बसला.

"काका, ही मोठी झाली की विचारील," तो म्हणाला. "मला नाही सांगता येणार. दुसऱ्याच्या वाट्यावर जगायचं म्हणजे कसं जगायचं, ते हिला तुम्ही सांगा."

सुदामकाकांनी हातांची माती धोतराला पुसली, दोनदा पुसली, आणि पोरीला मांडीवर घेतलं.